राखीव यादीतली तिसरी

बुरुल शहरातून परत आली ती अर्धीच बातमी घेऊन.

पूर्ण बातमी आली तर काय करायचं ते आम्हाला माहीत असतं. बातमी चांगली असली तर आणणारा लांबूनच "सुयुन्चू! सुयुन्चू!" ओरडत घोडा दौडवत येतो, आणि ज्याच्या घरची बातमी असेल त्यानं त्याला काहीतरी द्यायचं असतं. डोक्यावरची टोपी, कोकरू, ज्याची जशी ऐपत; त्या देण्यालाही सुयुन्चूच म्हणतात. वाईट असली तर म्हातारी माणसं गोळा होतात, हवापाण्यापासून सुरुवात करतात, आडून आडून बोलत तिथवर येतात, आणि ज्याला सांगायचं त्याला ती सांगण्याआधीच कळलेली असते. पण बुरुल जे घेऊन आली त्याला आमच्यात काही नाव नव्हतं.

बुरुल माझ्या धाकट्या भावाची, ओमुरझाकची मुलगी. ती मालमोटारीतून उतरली तेव्हा भर दुपारी कुरणावर धुकं होतं. तळं दिसत नव्हतं, घोड्या दिसत नव्हत्या, नुसत्या त्यांच्या फुरफुरण्यावरून त्या कुठं आहेत ते समजत होतं. आम्ही सगळे तंबूबाहेर उभे होतो.

"लागलं का नाव?" ओमुरझाकनं विचारलं.

"हो म्हणत नाहीत. नाही पण म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात?"

"थांबा म्हणतात."

"थांब तर मी माझ्या मेंढ्यांनाही म्हणतो," असानकादिर म्हणाला. हा बुरुलच्या आईचा भाऊ, उन्हाळाभर शेजारच्याच तंबूत राहायचा आणि प्रत्येक गोष्टीत तोंड घालायचा. "एवढ्यासाठी शहरात शाळा कशाला काढायची?"

"मामा, तुझ्या मेंढ्या तरी ऐकतात का तुझं?" बुरुल म्हणाली. पण तिचा चेहरा हसत नव्हता.

आत बसल्यावर चहा झाला, आणि मग तिनं सगळं नीट सांगितलं. दंतवैद्यकाच्या शाळेत दाराशेजारी भिंतीवर काचेची एक पेटी आहे. सकाळी दहाच्या ठोक्याला एक बाई येते, किल्लीनं पेटी उघडते, चार टाचण्यांनी कागद लावते, पुन्हा कुलूप घालते आणि कुणाकडेही न बघता निघून जाते. मग सगळी पोरं काचेला चिकटतात. बोटं लावून लावून नावं शोधतात, त्यामुळं थोड्या वेळानं काचेवर इतके ठसे उमटतात की मागून येणाऱ्याला वाचताच येत नाही. वर चाळीस नावं होती. त्यांच्याखाली एक रेघ, आणि रेघेखाली पाच नावं. बुरुलचं त्यातलं तिसरं.

रेघेच्या वरच्यांनी तीन दिवसांत मूळ दाखले आणून द्यायचे. जो आणणार नाही, किंवा आधीच नको म्हणेल, त्याची जागा सुटली. अशी जागा सुटली की शाळेतली बाई रेघेखालच्यांना क्रमानं फोन करते. ज्याचं नाव आहे त्यानं स्वतः फोनवर "सहमत" म्हणायचं. आई नाही चालत, बाप नाही चालत. माणूस भेटला नाही की लगेच पुढचं नाव.

"म्हणजे तीन जणांनी दाखले आणायचे नाहीत, अशी प्रार्थना करायची," असानकादिर म्हणाला. "आता यावर सुयुन्चू काय द्यायची? अर्धी टोपी?"

"तू गप्प बैस," मी म्हटलं.

हसण्यासारखं काही नव्हतं. हे बुरुलचं दुसरं वर्ष होतं. परीक्षेचे गुण दोनच वर्षं धरतात, तिसऱ्या वर्षी पहिल्यापासून सगळं. आणि तिनं बापाला शब्द दिला होता, यंदा नाही झालं तर शरदात तोगुझबुलाकची माणसं मागणीचे झुमके घेऊन येतील तेव्हा ती कान पुढं करेल. मुलगा वाईट नव्हता. पण बुरुलच्या मनात लहानपणापासून दातांशिवाय दुसरं काही नव्हतं.

मेंढीचं वय दातांवरून सांगणं आमच्याकडे कुणालाही येतं. पण ही आठ वर्षांची असताना मेंढीचा ओठ वर करून सांगायची, ही दगडाळ कुरणावर चरलेली आहे, हिची डावी दाढ दुखते, म्हणून ही मान वाकडी करून चावते. मग माणसं तिच्याकडं येऊ लागली. गाल सुजलेला मेंढपाळ यायचा, तिच्यापुढं मांडी घालून बसायचा आणि आ करायचा. ती विजेरी लावून बघायची आणि कुठला दात ते सांगायची. काढता येत नव्हता, भरता येत नव्हता, नुसता सांगता येत होता. एकदा बराच वेळ माझ्या तोंडात बघून ती म्हणाली, "अपा, तुझ्या तोंडात रिकामी घरंच जास्त आहेत." आमच्या खोऱ्यात दाताचा डॉक्टर नाही. दात काढायचा तर गुरांच्या डॉक्टरकडे जातात.

"पण तू तिथंच का नाही थांबलीस?" मी तिला विचारलं.

"घोड्या," ती म्हणाली.

खरं होतं. तिच्या आईचे मनगटाचे सांधे सुजले होते, आणि दूध देणाऱ्या सातही घोड्या बुरुलशिवाय कुणाला सड धरू देत नव्हत्या. ती शहरात होती त्या चार दिवसांत घोडीचं दूध आंबवून केलेलं आमचं कुमिस निम्म्यावर आलं होतं.

"फोनच यायचाय ना," ओमुरझाक म्हणाला, "तो इथंही येईल."

इथं येतो, पण एकाच ठिकाणी. तंबूंच्या मागं टेकडी आहे, तिच्या माथ्यावर गुडघ्याएवढा सपाट दगड आहे, आणि त्या दगडाला एक खाच आहे. फोनचा कोपरा त्या खाचेत ठेवला तर शहर ऐकू येतं. बोटभर उचलला तर वाऱ्याशिवाय काही नाही. त्यामुळं आमच्याकडे फोनवर बोलायचं म्हणजे गवतात पालथं पडायचं आणि दगडाला गाल लावायचा. नवीन सून आली की तिला पहिल्यांदा असं झोपलेलं बघून सगळे हसतात.

ठरलं असं, की तीन दिवस दगडापाशी कुणी ना कुणी बसायचं. बुरुल घोड्यांचं दूध काढून मधल्या वेळात वर येणार. ती खाली असताना फोन आला तर काठीला लाल रुमाल बांधून हलवायचा.

पहिले दोन दिवस मी बहुतेक वेळ वरच होते. मला खाली फारसं काम नव्हतं आणि गुडघ्यांना पुन्हा पुन्हा चढणं नको होतं. धुकं सकाळी तळ्यावरून उठायचं, टेकडीच्या कमरेपर्यंत यायचं आणि तिथंच थांबायचं. मग आम्ही जणू पांढऱ्या पाण्यातल्या बेटावर बसलेलो असायचो. खालून आवाज यायचे, पण माणसं नाहीत. कुणीतरी दही घुसळतंय. कुणीतरी मुलाला रागावतंय. बुरुल माझ्या शेजारी गवतात उताणी पडायची आणि डोळे मिटून म्हणायची, "अपा, मी आत्ता शहरात आहे असं वाटतंय. काचेच्या पेटीसमोर. आणि ती रेघ हळूहळू खाली सरकतेय."

"किती सरकली?"

"एका नावानं."

"अजून ढकल."

फोन वाजायचा. दर वेळी तिच्या अंगाला झटका बसायचा. ती पालथी पडून गाल टेकवायची, आणि फोन असायचा कुठल्यातरी मावशीचा, चुलत्याचा, दोन खोरी पलीकडच्या नातेवाइकाचा. "कळलं का गं?" बातमी अर्धी आहे असं सगळीकडं पसरलं होतं, आणि उरलेली अर्धी आपल्याला आधी कळावी असं प्रत्येकाला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून तिच्या एका मैत्रिणीचा फोन आला. पेटीतल्या कागदावर पेनानं दोन नावं खोडली होती, आणि रेघेखालचं पहिलं आणि दुसरं नाव वर गेलं होतं.

त्यानंतर बुरुलनं गवतात पडून डोळे मिटले नाहीत.

तिसऱ्या दिवशी धुकं पातळ होतं, ऊन त्यातून गाळून आल्यासारखं येत होतं. दुपारच्या दुधाची वेळ झाली तशी ती उठली. घोड्यांना ताटकळत ठेवता येत नाही. तिनं फोन खाचेत नीट बसवला, दोनदा बघितला आणि उतारावरून धुक्यात उतरली. आधी पाय दिसेनासे झाले, मग कंबर, मग डोकं. माझ्याजवळ असानकादिर होता. त्याचा घोडा मागं चरत होता. मला डुलकी लागली असावी, कारण मला दिसत होतं की मी तळ्यावर चालतेय आणि पाण्याखाली पांढरे दगड ओळीनं मांडलेत, आणि ते दगड नाहीत, दात आहेत. मी ते मोजत होते. फोन वाजला तेव्हा मी एकतिसाव्यावर होते.

असानकादिर पालथा पडला. "हां, बोला. हां, बुरुलचाच. मी मामा." मग त्याचे डोळे मोठे झाले. "जागा आहे? जागा सुटली?"

आणि तो उठला.

"अरे, थांब! काय म्हणाली?" मी म्हटलं.

"जागा सुटली, अपा! सुटली!" त्यानं एका उडीत घोडा गाठला.

"बुरुलला आण! आधी बुरुलला!"

पण सुयुन्चू बुरुलकडून मिळत नाही. ती बापाकडून मिळते. आणि बाप ओढ्यापलीकडे मेंढ्यांजवळ होता, घोड्यांच्या बरोबर उलट्या दिशेला. माझ्या डोळ्यांदेखत त्यानं घोडा त्या बाजूला घातला आणि "सुयुन्चू! सुयुन्चू!" ओरडत नाहीसा झाला. शंभर पिढ्यांची सवय होती ती. त्याच्या जागी कुणीही असता तर हेच केलं असतं, आणि त्या क्षणी मी त्याला दातांनी फाडला असता, जेवढे उरलेत तेवढ्यांनी.

दगडातून बारीक आवाज येत होता. "हॅलो? हॅलो?"

मी काठीला रुमाल बांधला आणि दोन्ही हातांनी हलवला. खाली पांढरं. कुणी वर बघितलं असेल तर मला दिसत नव्हतं. काठी मी खडकाच्या भेगेत खुपसली, रुमाल वाऱ्यावर सोडला आणि गवतात आडवी झाले. या वयात आडवं व्हायलाही वेळ लागतो.

"हॅलो, पोरी, मी ऐकतेय."

"बुरुल ओमुरझाकची मुलगी?" आवाज तरुण होता, थकलेला होता.

"मी तिची आत्या. ती येतेय."

"आजी, मला तिच्याशीच बोलावं लागतं. ती तिथं आहे का?"

"येतेय. टेकडी चढतेय." हे खोटं होतं.

"आजी, माझ्यापुढं चौथं नाव आहे. चारला कार्यालय बंद होतं. मी पुढचा फोन लावते, हं."

बाई सांगत होती ते बरोबरच होतं. कुठंतरी दुसऱ्या एका टेकडीवर चौथ्या नावाचं माणूस असंच गाल टेकवून पडलं असेल, हेही माझ्या मनात आलं. पण माझ्या तोंडातून जे बाहेर पडलं ते विचार करून आलं नाही. कुणाही अनोळखी माणसाशी बोलताना आपण जे पहिल्यांदा विचारतो, तेच आलं.

"पोरी, तू कुणाची गं?"

ती थांबली. "काय?"

"कुणाची म्हटलं. बापाचं नाव काय?"

आता थोरल्या माणसानं हे विचारल्यावर फोन ठेवता येतो का? शहरात राहिली, कार्यालयात बसली, तरी नाही ठेवता येत. तिनं एक श्वास सोडला.

"मी सादात. तुर्सुनची मुलगी."

"तुर्सुन कुणाचा?"

"कोजोमकुलचा."

"कोजोमकुल कुणाचा?"

"बायतेरेकचा. आजी, खरंच, मला..."

"बायतेरेक? नारिनकडचा बायतेरेक?"

"नाही, तलासकडचा."

"हां. आणि तो कुणाचा?"

"मामितचा," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजातला कार्यालयाचा कोरडेपणा जरा उतरला. लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून घोकलेलं असं म्हणताना उतरतोच. "मामित... मामित जानतायचा... नाही. जानताय त्याच्या आधीचा. थांबा हं."

मी थांबले. तिच्या खोलीत पंखा फिरत होता, कागद फडफडत होते. दगड गालाला गार लागत होता. इतक्या दूरच्या खोलीतला पंखा डोंगराच्या आतून ऐकू येत होता, आणि मला वाटलं, की तो दगडातच कुठंतरी फिरतोय. खालून असानकादिरचं ओरडणं अजून येत होतं, लांब, आणखी लांब.

"सातही पूर्वज माहीत आहेत मला," ती म्हणाली. आता तीच घाबरली होती. "पाचवा आत्ताच ओठांवर होता."

"आठव, आठव. मला घाई नाही."

"मला आहे ना, आजी!"

"मग कुणालातरी विचार."

आणि तिनं खरंच विचारलं. दुसरा फोन उचलल्याचा आवाज आला. "बाबा? मी. नाही, काही झालं नाही. मामित कुणाचा? अहो, आपला मामित. कार्यालयातूनच करतेय. एक आजी विचारतेय. कुठली ते मला काय माहीत!" मग त्या दुसऱ्या फोनमधून म्हाताऱ्याचं खेकसणं मला इथं ऐकू आलं, शब्द नाही, नुसता सूर. मुलीला पूर्वज विसरल्याबद्दल बाप जो सूर काढतो, तो. मी मान वळवून खाली पाहिलं.

धुकं एका ठिकाणी हललं. त्यातून एका घोडीचं डोकं वर आलं. खोगीर नाही, लगाम नाही, आयाळ धरलेली, आणि वर बुरुल. तिच्या बाह्या कोपरापर्यंत दुधानं भिजल्या होत्या. घोडी चढावर धापा टाकत होती आणि माथ्याशी पोचायच्या आधीच बुरुलनं खाली उडी मारली.

"सारिबायचा!" दगडातून आवाज आला. "मामित सारिबायचा, सारिबाय जानतायचा. बाबा म्हणतात, आजीला सलाम सांग."

"त्यांनाही सांग. घे पोरी, बुरुल आली."

बुरुल दगडापाशी कोसळली. मी सरकले आणि दोघी गवतात शेजारी शेजारी पालथ्या पडलो. तिचा ऊर माझ्या दंडाला लागत होता, धडधडत.

"नाव? जन्मतारीख? परीक्षेचा क्रमांक?" सादातचा आवाज परत कार्यालयाचा झाला. बुरुलनं धापा टाकत सगळं सांगितलं. "एक जागा सुटली आहे. तुम्ही सहमत आहात का?"

बुरुल म्हणाली, "हो."

"ऐकू आलं नाही. 'सहमत' म्हणावं लागतं."

"सहमत!" ती इतक्या जोरात ओरडली की घोडी बिचकून चार पावलं मागं गेली. "सहमत, सहमत!"

"एकदाच पुरे," सादात म्हणाली. ती हसत होती. "मूळ दाखले उद्या बारापर्यंत. बारानंतर खिडकी बंद."

मग फोन बंद झाला, पंखाही बंद झाला. बुरुल तशीच पडून होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. खाली तंबूंमधून ओरडा उठला होता, कुणीतरी पातेलं बडवत होतं. असानकादिरची बातमी बापापर्यंत पोचली होती आणि तिथून परत फिरून सगळ्यांपर्यंत आली होती. बुरुलनं सहमत म्हणायच्या कितीतरी आधी तिथं आनंद झाला होता. ओमुरझाकनं त्याला आपला नवा चाबूक दिला, तोही तिथल्या तिथं, मेंढ्यांसमोर.

"सगळं बुडवलं होतंस रे मेल्या," मी त्याला नंतर म्हटलं.

"अपा, बुडालं का?" त्यानं चाबूक माझ्यासमोर वाजवून दाखवला.

तासाभरात ओमुरझाकनं गाडी काढली. बुरुलच्या आईनं कापडात पिठाचे तळलेले बोर्सोक आणि सुक्या दह्याचं कुरुत बांधून दिलं. दाखले एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि ती बुरुलच्या छातीशी. त्या संध्याकाळी घोड्यांनी कुणालाच जवळ येऊ दिलं नाही, आणि त्यांची शिंगरं पोट फुटेस्तोवर दूध प्यायली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा वर गेले. या वेळी खाचेत असानकादिरचा फोन ठेवला होता. ऊन लख्ख होतं आणि तळं आरशासारखं पडलेलं होतं. साडेबाराला बुरुलचा फोन आला.

"दिले, अपा. घेतले त्यांनी. अकराला पोचलो."

"सादात भेटली?"

"भेटली. बुटकी आहे." रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत होत्या. "अपा, खिडकीपाशी एक मुलगी बसली होती. आई होती बरोबर. दोघी सकाळी आठपासून तिथं होत्या. चौथं नाव तिचं होतं."

मी कान फोनच्या आणखी जवळ नेला.

"मी आले नसते तर म्हणून बसल्या होत्या. तिला कुणी फोन केला नव्हता, कुणी काही सांगितलं नव्हतं. मी पिशवी उघडली, दाखले खिडकीतून आत दिले, आणि ती बघत होती. तिला तेवढ्यावरूनच कळलं."

"मग?"

"मग काही नाही. तिनं बूट घातले. बाकावर बसून बसून काढून ठेवले होते. मी त्यांना बोर्सोकची पुरचुंडी दिली. तिच्या आईनं घेतली. आणि मग त्या बाईनं माझं डोकं दोन्ही हातांत धरलं, अपा, आणि कपाळाची पापी घेतली. म्हणाली, नीट शिक."

मी दगडाला गाल लावून पडून राहिले. बुरुल रडत होती की नुसती गाड्यांची घरघर होती, ते इतक्या दुरून मला ओळखता येत नव्हतं.